गणपतीशेजारची सुई

मी होकायंत्रातली सुई बोलतेय. उत्तर कुठं आहे हे सांगणं एवढंच माझं काम, आणि नेमक्या त्याच कामाबद्दल मला हल्ली खात्री वाटत नाही. तेव्हा बोलता बोलता मी थोडी इकडंतिकडं झाले तर सांभाळून घ्या.

थरथरणं हा माझा स्वभाव. कारखान्यात कुणीतरी मला चुंबकावरून फिरवलं, एका टोकाला लाल रंग लावला आणि तेलाच्या इवल्याशा डबीत बंद केलं. तेव्हापासून पदर धरून कुणीतरी ओढावं तसं माझं लाल टोक एकाच बाजूला जायला लागलं. त्या बाजूला उत्तर म्हणतात, हे मला लोकांकडून कळलं.

माझी पहिली मालकीण ऊना मकार्डल. ती डंडॉक या आयरिश गावात घरोघरी टपाल वाटायची. १९८८ साली ती आणि तिची बहीण स्कॉटलंडचा पश्चिम किनारा सोडून डोंगराडोंगरांतून चौदा दिवस चालत पूर्व किनाऱ्याला पोचल्या. त्यातले अकरा दिवस पाऊस होता. मी एकदाही चुकले नाही. हे मी अभिमानानं सांगायचे. आता नुसतं सांगते.

नंतरची तीस-बत्तीस वर्षं मी ऊनाच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये काढली. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. मेणबत्त्या, जुने बल्ब आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, हे माझे शेजारी.

मग २०२० साल आलं आणि सगळं जगच प्रेसमध्ये जाऊन बसलं. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असं ठरलं. ऊना शहात्तरची. शेजारच्या घरात राहणारी अक्षया तिला दूध-पाव आणून द्यायची, मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवून दोन मीटर मागं सरकायची.

अक्षया चिंचवडची, पंचवीस वर्षांची. इथंच एमएस्सी करून घरूनच ऑफिस करणारी. टोस्टरमधून पाव वर आला की दचकायची. रोज, त्याच टोस्टरला. ती पहिल्यांदा 'ऊना आंटी' म्हणाली तेव्हा ऊनानं विचारलं, "आंटी कोण? मी ऊना." एवढ्या मोठ्या बाईला नुसतं नावानं हाक मारायला तिची जीभ वळेना. मग तिनं हाक मारणंच सोडलं. तिचं प्रत्येक वाक्य 'एक्स्क्यूज मी'पासून सुरू व्हायला लागलं.

एकदा भिंतीपलीकडून ऊनानं तिला स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. अक्षयानं दुधाची बाटली भिंतीवर टेकवली. मग म्हणाली, "मी कॉलेजात सिंहगडावर गेले होते. सगळ्यांच्या मधोमध चालत. पुढं नाही, मागं नाही. मला एकदा कुणाच्या मागं न जाता कुठंतरी पोचायचंय."

दुसऱ्या दिवशी दुधाच्या बाटलीच्या बदल्यात भिंतीवर मी होते. सोबत एका पाकिटाच्या पाठीवर ऊनानं वाकड्या अक्षरात लिहिलेले सल्ले. 'लागेल वाटतं ते सगळं भर, मग अर्धं काढ. नवे बूट घालून निघू नकोस. एक मोजेजोड फक्त झोपायला, तो कितीही मोह झाला तरी चालताना घालायचा नाही. पहिल्या दिवशी थोडंच चाल. ओढा फुगला असेल तर बसून राहा, तो उतरतो. कुठून कुठं जाणार ते एका माणसाला सांगून ठेव.'

हा कागद अक्षयाच्या फ्रिजवर लागला, गणपतीच्या पायाखाली. ती परदेशी निघाली तेव्हा आईनं दिलेला, गाडीत लावायचा छोटा गणपती. 'गाडी घेतलीस की लाव' म्हणून. गाडी काही झाली नाही, तेव्हा गणपती फ्रिजच्या दाराला चिकटून राहिला. तो चिकटतो कशानं, हा विचार तेव्हा कुणीच केला नाही. मीही नाही.

हिवाळाभर घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायला बंदी होती. अक्षया पाठीवर सॅक घेऊन जिना चढायची-उतरायची. पहिल्यांदा सॅक भरली तेव्हा ती एकोणीस किलोची झाली. तीत छोटा कुकर होता, दोन किलो भाजणी होती. सल्ल्याप्रमाणे अर्धं काढताना तिनं आधी टॉर्च काढला, मग कुकर. मग टॉर्च परत घातला.

आईचे फोन मी ऐकायचे. मी मराठी तिथंच शिकले. काळजीचं मराठी तर फारच.

"एकटी जाणार? तिकडं वाघबिघ असतात का?"

"नाही गं आई. चावरे डास असतात, बारीक."

"मग ओडोमॉस ने. आणि गणपती ने बरोबर. सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेव, खाली दाबू नकोस त्याला."

एप्रिलमध्ये जिल्हाभर फिरायची मोकळीक झाली. कूली डोंगर आमच्याच जिल्ह्यात. अक्षयानं ठरवलं, कार्लिंगफर्डहून पूर्ण ओझं घेऊन चढायचं आणि उत्तरेला खाडीकाठच्या ओमीथ गावात उतरायचं. जमलं तर ऑगस्टात स्कॉटलंड. नाही जमलं तर नाही. मंजूर झालेली रजा रद्द करायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

जायच्या दोन आठवडे आधीच तिनं मला सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. गणपतीही तिथंच ठेवला, माझ्या अगदी अंगाला लागून. देवाशेजारी जागा मिळाली म्हणून मी हरखले. अंगातून एक झिणझिणी गेली. ती भक्तीची असावी, असं मला वाटलं.

डोंगरमाथ्यावर धुकं आलं. आलं म्हणजे असं की तिला स्वतःचे बूट दिसेनात. एक मेंढी खोकली आणि अक्षया खाली बसली. मग उठली, मला बाहेर काढलं. मी नेहमीसारखी थरथरले, फिरले आणि पदर ओढला गेला तिकडं लाल टोक केलं. त्यात मी काहीही लबाडी केली नाही, शपथेवर सांगते.

तिनं मान वर केली. "पण सकाळी तर उत्तरेचा वारा सांगितला होता," ती स्वतःशी पुटपुटली. "मग तो तोंडावर यायला हवा ना? हा तर पाठीवर येतोय." तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःलाच म्हणाली, "तू गप. ते यंत्र आहे."

ती माझ्या मागं चालली. दोन तास. धुकं फाटलं तेव्हा खाली खाडी नव्हती, दुसरंच खोरं होतं. एका शेतकऱ्यानं कुत्र्याला हाक मारली, तिच्याकडं पाहिलं आणि ओमीथ तिच्या पाठीमागं, डोंगरापलीकडं असल्याचं सांगितलं. तिनं घरी जायची बस धरली. मी कप्प्यात गणपतीशेजारी पडून होते. माझं काय चुकलं, मला कळत नव्हतं. तिलाही कळत नव्हतं, पण तिनं उत्तर शोधून टाकलं होतं. चूक तिचीच.

मे महिन्यात, ऊनाच्या लशीचे दोन्ही डोस होऊन वर बरेच दिवस गेले तेव्हा, अक्षया पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात आली. मला परत करायला.

"सोमवारी रजा रद्द करतेय," ती म्हणाली. "मला दिशासुद्धा वाचता येत नाही."

ऊनानं चहा ओतला. "तू गेलीस तरी ग्रँड, नाही गेलीस तरी ग्रँड. बिस्कीट घे." इथं 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात. मग तिनं मला सवयीनं टेबलावर ठेवलं आणि किटली हातात तशीच धरून थांबली.

"या उत्तरेच्या खिडकीतून चाळीस वर्षांत ऊन आलेलं नाही," ती म्हणाली. "आणि ही सुई म्हणते ही दक्षिणेची खिडकी. हिला कुठं ठेवलं होतंस?"

"सॅकच्या वरच्या कप्प्यात."

"एकटीला?"

"नाही. गणपती होता बरोबर."

"योर मॅन? फ्रिजवरचा?" इथं कुणाही गड्याला 'योर मॅन' म्हणतात. "आण त्याला."

गणपती आला आणि टेबलावर माझ्याजवळ टेकताच मी भिंगरीसारखी फिरले. ऊनानं त्याला उचलून खालचं चुंबक पाहिलं आणि चष्म्यावरून अक्षयाकडं पाहिलं. त्यानं माझी टोकं उलटी करून टाकली होती. मी जिला उत्तर म्हणत होते ती दक्षिण होती.

अक्षयानं चहाचा कप बाजूला सारला. ती म्हणाली, "म्हणजे वारा बरोबर होता."

"वारा बरोबर होता," ऊना म्हणाली. "आणि तुला ते कळलं होतं."

"आता हिचं काय?"

"ज्यानं फिरवली त्यालाच सरळ करू दे."

अक्षयानं आधी हात जोडले, पुटपुटली, "बाप्पा, तुझे पाय घासतेय, राग धरू नकोस." मग त्याच्या पायाखालचं चुंबक माझ्या डबीवरून हळूहळू ओढलं. काहीच झालं नाही. उलट बाजूनं ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी गर्रकन फिरले, आणि मी खिडकीकडं तोंड करून थांबले.

सोमवारी तिनं रजा रद्द केली नाही.

आईला मात्र तिनं हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आईचं उत्तर तयार होतं. "अगं, पुढं कडा असेल. म्हणून त्यानं तुला खाली उतरवलं." अक्षया सॅक भरत राहिली. ते खरं की नाही, मला तर आजही ठरवता येत नाही.

आता ऑगस्ट आहे, २०२१. आम्ही बेलफास्टहून बोटीनं स्कॉटलंडला आलो. आज चालण्याचा पाचवा दिवस. गणपती सॅकच्या तळाशी आहे, झोपायच्या कोरड्या मोज्यात गुंडाळलेला. आईला वाटतं तो वर आहे. मी अक्षयाच्या गळ्यात, फोनपासूनही लांब. रोज सकाळी सूर्य दिसला तर ती मला त्याच्याशी ताडून बघते. मला त्याचा राग येत नाही. पहिल्यांदा डोंगरात निघणाऱ्यांनो, तुम्हीही तसंच करा. मी एकदा मनापासून चुकले आहे, आणि मनापासून चुकणाऱ्याचा चेहरा अगदी खरं बोलणाऱ्यासारखाच असतो.

थांबा. धुकं येतंय. ती उभी राहिलीय, डबीवर तिची मूठ घट्ट आहे. अजून मला पाहिलेलं नाही. तिनं डोळे मिटून डावा गाल वाऱ्याला दिलाय. आज वारा पश्चिमेचा, तिनं सकाळी दोनदा वाचलं होतं.

"उत्तर तिकडं," ती म्हणाली. मोठ्यानं, एकटीच. मोकळा हात तिकडं केला.

मग तिनं मूठ उघडली. मी थरथरले, फिरले, आणि तिचा हात होता तिकडंच थांबले. आमच्यात कुणी कुणाला बरोबर ठरवलं, कोण जाणे. पण ती निघालीय, आणि या खेपेला मी तिच्या मागं आहे.