मिटलेलं नाव

हवालदारांनी कागद यंत्राच्या फटीत सरकवला आणि अतिकच्या दहा बोटांचे ठसे शेवयांसारखे बारीक होऊन खालच्या डब्यात पडले. पाठोपाठ फोटोही गेला. चोवीस वर्षांच्या पोराचा, छातीशी पाटी धरलेला, भेदरलेला फोटो. अतिक आ वासून बघत राहिला. ज्या कागदानं सात वर्षं त्याची झोप उडवली होती, तो संपायला चार सेकंदही लागले नाहीत.

"झालं?"

"झालं. सही करा इथं," हवालदार म्हणाले.

बाहेर वकील शीतलताईंनी त्याला मोबाइलवर कोर्टाच्या साइटवर स्वतःचंच नाव शोधायला लावलं. नोंद सापडली नाही. त्यानं तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं. तिन्ही वेळा नाही. स्वतः कुठेच नसण्याचा एवढा आनंद असतो, हे त्याला नव्यानं कळत होतं.

सात वर्षांपूर्वी पुंजारामबाबांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि सापडली ती वडीगोद्रीत, अतिकच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात. कुणी अनोळखी माणूस कॉइल भरायला टाकून गेला होता. जळकी मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला पावती कोण विचारतं? कोर्टानं खटला चालवण्याआधीच अतिकला सोडून दिलं, पण पोलिसांच्या दप्तरात नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यापायी दोन नोकऱ्या हुकल्या. आता जालन्याच्या एका कंपनीत जागा पक्की होती, घोडं अडलं होतं ते पोलिसांच्या चारित्र्याच्या दाखल्यापाशी. म्हणून शीतलताईंनी कोर्टातून जुनी नोंद मिटवायचा हुकूम आणला होता.

"बेटा, अब ये बात किसीको बोलना मत," अम्मी म्हणाली.

त्यानं एकालाच सांगितलं. दोस्त मच्छिंद्र तेव्हा त्याला जामीन राहिला होता. त्याच्यापासून लपवणं म्हणजे बेइमानीच. पण मच्छिंद्रचं दुकान फ्लेक्स छापायचं आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. या भागात पोरगं दहावी सुटलं तरी फाट्यावर फ्लेक्स लागतो, हे अतिकनं लक्षात घ्यायला हवं होतं.

दाखला कोरा करकरीत मिळाला. कामाच्या पहिल्या दिवशी तो कंपनीच्या बससाठी फाट्यावर आला आणि जागीच थिजला. खांबांना बांधलेल्या सहा फुटी फ्लेक्सवर तोच हसत होता. 'चोरीच्या खोट्या गुन्ह्यातून नाव कायमचं मिटल्याबद्दल अतिकभाईंचं हार्दिक अभिनंदन!'

काय करावं या माणसाला! ज्यांना काडीचाही पत्ता नव्हता, ते आता बसमधून वाचणार होते. अतिकनं टपरीवरची सुरी उचलली, स्टुलावर चढून एका कोपऱ्याची दोरी कापली. फ्लेक्स लवंडला आणि खालची यादी त्याच्या डोळ्यांसमोर आली. शुभेच्छुक. पहिलं नाव पुंजारामबाबांचं.

मच्छिंद्र धावत आला.

"हे नाव कुणाला इचारून टाकलं?" अतिकचा आवाज चढला. "सात वर्षं झाली, बाबा माझ्याकडं बघत बी न्हाईत."

"म्या न्हाई टाकलं. ते सोताच आल्ते काल दुकानात. म्हणले, फिर्यादीवर पहिलं नाव माझं व्हतं, मंग इथं बी पहिलं माझंच टाक."

अतिकनं सुरी खाली केली.

"अन् म्या नुसतं 'गुन्ह्यातून' लिव्हलं व्हतं," मच्छिंद्र म्हणाला. "'खोट्या' त्यांनी घालायला लावलं. छापून होईस्तोर उठले न्हाईत बिलकुल."

अतिकनं तो शब्द पुन्हा पाहिला. कोर्टाच्या निकालात पुरावा नाही एवढंच म्हटलं होतं. खोटा म्हणायला कोर्टही धजावलं नव्हतं. अंबड रोडनं बस येऊन थांबली, खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं.

फ्लेक्स पुन्हा बांधायला कापलेली दोरी तोकडी पडत होती. अतिकनं मच्छिंद्रपुढे हात केला.

"दुसरी दोरी दे," तो म्हणाला. "अन् डायव्हरला म्हण, दोन मिन्टं थांब. गाठ मारून येतो."