मागे गाणारी

"आज आत जाऊ नका, अक्का. रडू दे त्याला थोडं," रुचा म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली.

बंद दाराआड अडीच वर्षांचा शार्दूल टाहो फोडत होता. अमोघ त्याला थोपटत काहीतरी गुणगुणत होता. थोड्या वेळानं अमोघच विस्कटल्या केसांनी बाहेर आला.

"बाबाचं गाणं साहेबांना मंजूर नाही. 'अक्का पाहिजे' म्हणतात." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "तिकडे गेल्यावर काय करणार आहोत आपण, रुचा?"

तिकडे म्हणजे नेदरलँड्सला. तमिळ मुलखातल्या पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटमध्ये भिंतीला लागून खोकी उभी होती. मांडणी रिकामी झाली होती. पडदेही उतरले होते, त्यामुळे दुपारचं ऊन थेट मुलांच्या गादीपर्यंत येई. सगळं बांधून झालं होतं. शार्दूलची झोप तेवढी बांधता येत नव्हती. तो तान्हा असल्यापासून, त्याला सांभाळणाऱ्या अंबुजाक्कांच्या पदाशिवाय निजलाच नव्हता.

अंबुजाक्कांनी पदराला हात पुसले. "जाईपर्यंतच्या दुपारा माझ्याकडे द्या, रुचाम्मा. निजेल तो माझ्याविना. भिऊं नका."

त्या तंजावूरकडच्या, तिथल्या जुनी मराठी बोलणाऱ्या घरातल्या. वडील सुब्बारावबुवा हरिदास होते, देवळादेवळांतून कथा करीत. त्यांच्यामागे तंबोरा घेऊन अंबुजा बसे आणि बुवांची ओळ संपता संपता उचलून धरी. बुवा म्हणत, "पुढचा गाणारा श्वास घेतो, तेवढ्यात कथा तुटू द्यायची नाही, हे मागे गाणाऱ्याचं काम. पण पुढच्याला सूर सापडला की आपण विरून जायचं, कण्णे. तू केव्हा थांबलीस ते देवालासुद्धा कळता कामा नये." बुवा गेले, तंबोरा देवळात दिला, आणि नवरा गेल्यावर अंबुजा मैलापूरला भाचीकडे राहून मुलं सांभाळू लागली. तिथल्या देवळातली शनिवारची कथा मात्र तिनं कधी चुकवली नाही.

ह्या घरातली मुलं त्यांच्याकडूनच मराठी शिकली. साताऱ्याची आजी फोनवर सहा वर्षांच्या ऋजुताचं बोलणं ऐकून म्हणे, "अगं बाई, ही कुठल्या शतकातली नात माझी!"

त्या दुपारी अंबुजाक्कांनी ऋजुतालाच हाताशी घेतलं.

"तू माझ्या मागे गायचं. शेवटची ओळ तुझी."

"कां, अक्का? तुला येत नाही?"

"मला दम लागतो गे, कण्णे. म्हातारी झालें."

पद बुवांनीच रचलेलं होतं:

निजली गोठ्यात गाय, निजलं वासरू,
निजल्या तीरी नावा, नको हाक मारू;
जागी एक यशोदा, दिवा सोबतीला,
नीज रे श्रीहरी, मी आहे उशाला.

पहिल्या दिवशी शेवटची ओळ ऋजुताची झाली. मग तिसरीही. अक्का उशापाशी बसत होत्या, त्या पायथ्याशी सरकल्या, पायथ्यापासून उंबऱ्याशी. थोपटणारा हातही बदलला. आधी ऋजुताच्या चिमुकल्या हातावर अक्कांचा हात होता, मग नुसता ऋजुताचा. शार्दूल डोळे किलकिले करून बघे, सूर ओळखीचा आहे अशी खात्री करून घेई आणि कूस बदले.

एकदा दोघींच्या जागा उलट्या झाल्या. ऋजुता पुढे गात होती आणि अक्का उंबऱ्यावरून हळूच तिची ओळ धरत होत्या. मध्येच ऋजुता अडखळली. अक्कांनी ओळ उचलली, तिला सूर सापडताच सोडून दिली. बुवा असते तर मान हलली असती.

दुसऱ्या दिवशी त्या उंबऱ्यावरही नव्हत्या. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. आतून झोपाळलेली हाक आली, "अक्का?"

त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"अक्का?" पुन्हा.

मग ऋजुताचा आवाज, थोडा बेसूर, थोडा घाईचा: "जागी एक यशोदा..." आणि हाक थांबली.

निघायच्या दिवशी दुपारी रुचा स्वयंपाकघरात आली. हातात फोन.

"अक्का, एकदा म्हणा ना. रेकॉर्ड करून घेते."

अंबुजाक्का फोनकडे बघत राहिल्या. आपला गळा समुद्रापलीकडे जाईल, परक्या घरात, थंडीत, त्या दोन उशांपाशी आपण असू... त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"नको," त्या म्हणाल्या.

"मुलांना नाही ऐकवणार. माझ्यासाठी हवंय हो. माझी आई साताऱ्यात, इथं मला तुम्हीच होतात."

"तुम्ही ऐकाल, मग एक दिवस तो ऐकेल. आवाज आला की तो मला दारात शोधेल." त्यांनी रुचाच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "मी तुम्हांला नाही म्हणतें असं कधी झालं का? आज म्हणतें. रागवू नका."

रुचा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. आतून ऐकू येत होतं, सगळं पद, पहिल्यापासून, एकट्या ऋजुताचं. "नीज रे श्रीहरी, मी आहे उशाला." मग शांतता. शार्दूल निजला होता. अक्कांना हाक न मारता.

"निजला," अंबुजाक्का म्हणाल्या. "पांडुरंगा, झालं."

संध्याकाळी खाली गाडी आली. अमोघनं वाकून नमस्कार केला. ऋजुता रडली, मग खिडकीची जागा मिळाली म्हणून थांबली. शार्दूल ताजातवाना होता. रोज संध्याकाळी घरी जाणाऱ्या अक्कांना तो दारातून हात हलवी, तसाच त्यानं आजही हलवला.

"उद्या ये हं, अक्का!"

रुचानं तोंड फिरवलं.

"होय, कण्णा," अंबुजाक्का म्हणाल्या. "येतें."

गाडी वळली.

वॉचमनला किल्ली द्यायची होती, आणि गादी त्याच्याच मुलीसाठी ठेवलेली होती. अंबुजाक्का वर गेल्या. पंखा तसाच फिरत होता. गादीवर दोन खळगे होते, एक मोठा, एक लहान. त्या उशापाशी बसल्या, हात गादीवर ठेवला आणि सवयीनं थोपटू लागल्या. शनिवार होता; मैलापूरला कथा उभी राहायची वेळ झाली होती.

त्यांनी गळा मोकळा केला. गाय निजवली, वासरू निजवलं, नावा निजवल्या. रिकाम्या घरात आवाज भरून घुमत होता, कितीतरी दिवसांनी पुरा. यशोदेची ओळ संपवली, आणि शेवटची ओळ मागून कोणी उचलील म्हणून त्या थांबल्या.



मग उठून त्यांनी पंखा बंद केला.