मान वर धरून

पाणथळात बोटीतून फिरायला जायचं, हे ठमीचं वर्षभराचं टुमणं होतं. ठमी आठ वर्षांची. तिला पाणमांजर बघायचं होतं, आणि तेही पुस्तकात नाही, खरंखुरं, मिशांवर पाणी असलेलं. तिचे बाबा डेपोत बस दुरुस्त करायचे, त्यांना रविवार मोकळा असायचा. पण आई मोठ्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात नर्स. तिचा मोकळा रविवार म्हणजे उंबराचं फूल. सलग अकरा दिवस ड्युटी केल्यावर एकदाचा तो मिळाला. त्या अकरा दिवसांत तिच्या देखत सहा माणसं गेली होती.

"आज मला कुणाची नाडी बघायची नाही," सकाळी केस बांधताना ती नवऱ्याला म्हणाली. "नुसतं बसून राहायचंय."

आजी, म्हणजे तिची सासू, "मला कशाला नेता त्या चिखलात" म्हणत सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभी होती.

धक्क्यावर एकच बोट सुटायची होती. नावाडी पन्नाशीचा, डोळे तांबारलेले. त्याने ठमीकडे पाहिलं आणि तिच्या बाबांना जरा बाजूला घेतलं.

"आज राहू द्या साहेब. बघण्यासारखं काही नाही."

"अहो काका, हिच्या आईला सुट्टी कधी मिळते माहितीय का? पक्षी नसले तर नसू देत. पाण्यावर एक चक्कर मारू."

नावाडी काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात ठमी बोटीत जाऊन बसलीसुद्धा. त्याने दोर सोडला.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. दोन्ही बाजूंना पाणकणसाच्या उंच गवताची दाटी, मधून अरुंद वाट. आजीने "माझ्या जड बाजूला कोणी बसू नका" म्हणून सगळ्यांना हसवलं. मग वास यायला लागला. आजीने पदर नाकाला लावला. वाट संपली आणि बोट उघड्या पाण्यावर आली.

पाणी हलत नव्हतं. त्यावर बदकं होती, शेकडो.

"झोपलीयेत सगळी!" ठमी कुजबुजली.

तिच्या आईला मात्र एका नजरेत कळलं. झोपलेल्या जिवाची मान अशी नसते. सगळ्यात जवळचं बदक बोटीपासून हातभर अंतरावर होतं. चोच पाण्यात, पंख पसरलेले. तिने वाकून ते उचललं. अंग गरम होतं. डोळा उघडा होता, आणि तो तिच्याकडे बघत होता.

"जिवंत आहे हे," ती म्हणाली.

"बरीच आहेत जिवंत, ताई," नावाडी म्हणाला. त्याने वल्हं थांबवलं. "वरच्या धरणाचं दार बंद ठेवलंय. पाणी साचलं, तापलं, खाली चिखल सडला. त्यातून विष तयार होतं म्हणे. आधी पाय जातात, मग पंख, शेवटी मान. मान पडली की नाकात पाणी जातं. शुद्ध असते हो त्यांना. सगळं कळत असतं."

"मग तुम्ही लोकांना फिरवताय कशाला इथे?" बाबांचा आवाज चढला.

"फेऱ्या बंद करायच्या नाहीत असं वरून सांगितलंय. मी नको म्हणत होतो ना तुम्हाला?"

"वळवा बोट. पोर बघतेय."

"नाही!" ठमी ओरडली. "आई, उचल ना त्यांना!"

आईने तोवर पिशवीतून ठमीच्या औषधाचा ड्रॉपर काढला होता. बदकाची मान बोटांच्या बेचक्यात वर धरून ती बाटलीतलं पाणी थेंब थेंब चोचीत सोडायला लागली. पाणी आत गेलं. बदकाने गिळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बाही वर करून पाण्यावर वाकला.

एकामागून एक ते उचलत गेले. टॉवेलवर, डबा ठेवायच्या पिशवीत, मांडीवर. अडचण अशी होती की खाली ठेवलं की मान लोळायची आणि श्वास अडकायचा. प्रत्येक मान कोणीतरी धरून ठेवायला हवी होती. ठमीने दोन धरल्या. बाबांनी दोन. आजीला पिसांचा किळस यायचा, पण तिने पदर पसरून दोन्ही हातांत दोन माना घेतल्या आणि तोंडाने काहीबाही पुटपुटत राहिली, तान्ह्याशी बोलतात तसं. आईने तीन धरल्या, तिसरी कोपराच्या घडीत.

मग हात संपले.

नावाडी बोट हळूहळू परत वळवत होता. बोटीच्या दोन्ही बाजूंनी बदकं सरकत होती. काहींचे डोळे मिटमिटत होते.

"आई, ते बघ! ते पण जिवंत आहे! आई, ते बुडतंय!"

"हात नाहीत गं, राणी."

"पण तू नर्स आहेस ना?"

आईने मान खाली घातली. ते बदक बोटीच्या अगदी कडेला घासून मागे गेलं.

धक्का येईपर्यंत नऊपैकी पाच गेली होती. ठमीच्या हातातली दोन्ही त्यात होती, पण ती माना सोडायला तयार नव्हती. बाबांनी एकेक बोट उकलून त्या काढून घेतल्या. उरलेली चार नावाड्याने टोपलीत घेतली.

"घरी न्हाणीघर भरलंय माझं," तो म्हणाला. "बायको आठ दिवस झाले पाणी पाजतेय. सुरुवातीची तीन-चार उडाली. मान पडलेलं एकही वाचलं नाही. खोटं कशाला सांगू?"

तरीही बाबांनी मंगळवारी फोन केला. नावाड्याच्या बायकोने उचलला. चारही रविवारी संध्याकाळीच गेली होती. धरणाचं दार पुढच्या आठवड्यात उघडलं, पाणी वाहतं झालं. तोवर तिथे वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आजीने त्या दिवशीची साडी धुऊन कपाटाच्या तळाशी ठेवली आणि परत नेसली नाही. ठमीने पाणमांजराचं नाव काढलं नाही.

आई ड्युटीवर रुजू झाली. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या रुग्णाच्या मुलीने दारात तिचा हात धरला आणि विचारलं, "सिस्टर, बाबा वाचतील ना?" वीस वर्षांत हजारदा तिने याला उत्तर दिलं होतं. शब्द तयार असायचे. त्या दिवशी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ती मुलगी वाट बघत उभी राहिली. शेवटी दुसऱ्या नर्सने येऊन तिला बाजूला नेलं.

महिन्याभरात तिने बदली मागून घेतली. आता ती तळघरात असते, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजून वरच्या विभागांना पाठवते. तिथे खिडकी नाही. नवरा म्हणतो, थोडे दिवस जाऊ देत, मग परत वर जाशील. ती हो म्हणते. रविवारी तिला आता सुट्टी असते, आणि ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते.