सुट्टीचे नऊ दिवस

विद्यार्थ्याचं नाव

डॅनिका पेल्टियर. नर्सिंग, दुसरं वर्ष.

रकान्यात एवढंच मावतं. मार्चमध्ये तिच्या भावाचा हात लाकडाच्या गिरणीत सापडला, त्याच्या दोन मुलांकडे बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनं सत्र अर्धवट सोडलं, हे लिहायला या कागदावर जागा नाही. आता ऑगस्ट आहे. भाऊ कामावर जायला लागलाय, मुलं शाळेत जातील, आणि डॅनिकाला परत यायचंय. नावनोंदणी शुक्रवारी बंद होते. तिच्या नावावर दोन हजार एकशे चाळीस डॉलर बाकी दिसतात, आणि बाकी असली की संगणक नाव घेत नाही.

आज मंगळवार.


कागद भरणाऱ्याचं नाव

ऐली कांगस. आर्थिक मदत कार्यालयाच्या प्रमुख. त्याच कारकून, त्याच शिपाई. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सरोवराकाठी, सव्वाचारशे मुलांचं कॉलेज, त्यात एकतीस वर्षं. केंद्र सरकारकडून मुलांना येणारा प्रत्येक डॉलर त्यांच्या टेबलावरून जातो, आणि त्यातला एकही आजवर भलतीकडे गेलेला नाही.


कागद तपासणाऱ्याचं नाव

मी. जोलीन बर्क.

केंद्राचे तपासनीस सप्टेंबरात यायचेत. ते यायच्या आधी सगळ्या फायली बघून कुठे नियम चुकलाय ते सांगायला कॉलेजनं मला तीन दिवसांसाठी बोलावलंय. माझा धंदाच तो. वर्षाला वीस-बावीस कॉलेजं करते. कुठे मला बघून लोक कपाटं लावून घेतात, कुठे गोड बोलतात. ऐलीबाईंनी निसू, म्हणजे वेलदोडा घातलेला फिनलंडकडचा गोड पाव, भाजून आणला होता, आणि मी दारात असतानाच म्हणाल्या, "पोरी, जाड झालीस. बरं झालं."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. चोविसाव्या वर्षी याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, मी काम शिकले. त्यांच्याकडूनच.

"आधी खा, मग माझ्या चुका काढ," त्या म्हणाल्या.

"तुमच्या फायलीत काय सापडणारेय?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हटलं, आधी खा."


नियम

मुलीनं सत्राचे साठ टक्क्यांहून जास्त दिवस पुरे केले असतील, तर त्या सत्राची सगळी मदत तिची. त्याआधी सोडलं, तर जेवढे टक्के दिवस तेवढीच मदत तिची. बाकीची कॉलेजनं केंद्राला परत करायची, आणि जो खड्डा पडेल तो मुलीच्या नावावर टाकायचा.


सत्राचे एकूण दिवस

१३ जानेवारी ते २ मे. एकशे दहा.

शनिवार-रविवार धरून. केंद्राचा हिशेब असाच असतो. सलग पाच किंवा जास्त दिवस सुट्टी असेल तर ती मात्र वजा करायची. मार्चमध्ये आमच्याकडे आठवडाभर सुट्टी असते.

ऐलीबाईंच्या अक्षरात: वजा ५. राहिले १०५.


इथे मी थांबले

निसूचा तुकडा हातातच राहिला. दुसरी फाइल काढली, वजा ५. गेल्या वर्षीची काढली, वजा ५. त्याआधीच्या वर्षीचीही.

"ऐलीबाई, मार्चची सुट्टी किती दिवसांची?"

"पाच. सोमवार ते शुक्रवार. भिंतीवर लिहिलंय."

"शेवटचा तास कधी होतो?"

"आदल्या शुक्रवारी."

"आणि परत कधी सुरू?"

"नंतरच्या सोमवारी. पोरी, तू इथे सहा वर्षं होतीस, विसरलीस का?"

"मग मधले दोन शनिवार-रविवार कुठे गेले?"

त्यांनी चष्मा काढला. "ते सुट्टीत कसे येतील? शनिवारी सौना, रविवारी चर्च. ते कॉलेजचे कधी नव्हतेच. जे त्यांचं नाही ते सुट्टी म्हणून देणारे हे कोण?"

आमच्या गावात हे कोणालाही पटेल. शनिवारी दुपारनंतर घरोघरच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, धुराडी धुमसायला लागतात आणि कोणी कोणाला फोन करत नाही. माझ्या आईनं तर माझं लग्नसुद्धा शनिवारी होऊ दिलं नव्हतं.

"पण बाकीचे सगळे शनिवार-रविवार तुम्ही एकशे दहात धरलेत," मी म्हटलं. "तिथे ते कॉलेजचे, आणि इथे सौनाचे?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"नियमात सलग म्हटलंय. शुक्रवारचा तास संपल्यापासून सोमवारचा तास सुरू होईपर्यंत. नऊ दिवस."

"नऊ," त्या म्हणाल्या.

"नऊ."

भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. पेन्सिलीचं टोक एकेका चौकोनाला लावत मोजलं. परत पहिल्यापासून मोजलं. मग खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "चार दिवसांनी कोणाचं काय बिघडलं?"

त्यांना कळलं होतं. तरी मला सांगायला लावत होत्या.

"भागायचा आकडा मोठा राहिला. म्हणजे सुट्टीआधी सोडून गेलेल्या प्रत्येकाचे टक्के कमी आले. सरकारला आपण जास्त परत केलं."

"म्हणजे चूक पोरांच्या अंगावर गेली."

"हो."

"दर वेळी."

"दर वेळी."

एकतीस वर्षं या बाईंनी कोणाचा डॉलर इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला असता तर त्यांनी तो झटकला असता.


शेरा (माझ्याबद्दल)

मीही या खिडकीत बसून पाचच वजा करत होते. इथून दुसऱ्या कॉलेजात गेले, तिथे एका तपासनिसानं माझा कागद परत दिला आणि म्हणाला, बाई, हे नऊ आहेत. त्या दिवशी ऐलीबाईंना फोन करायला हवा होता. एका वाक्याचा फोन. ज्यांनी शिकवलं त्यांना शिकवायला जायचं, म्हणून लाजले. मग म्हटलं, त्यांना कळलंच असेल.

हे त्यांना तेव्हाच सांगितलं.

"किती वर्षं झाली?"

"सतरा."

"मी खिम्याच्या पॅस्टीवर ग्रेव्हीऐवजी टोमॅटो सॉस घालते म्हणून दर नाताळाला फोन करून मला टोचतेस," त्या म्हणाल्या. "आणि हे सांगायला लाजलीस."

"हो."

"ग्रेव्ही घालणारी माणसं अशीच असतात." त्यांनी डॅनिकाची फाइल पुढे ओढली. "बस. नव्यानं कर."


माघारीची तारीख

१३ मार्च, गुरुवार. सुट्टीच्या आदल्या दिवसाच्याही आदला दिवस. त्या दिवशी डॅनिका खिडकीशी आली होती आणि म्हणाली होती, बाई, मी सोडतेय. ऐलीबाईंनी तीच तारीख लिहिली. नियमानं बरोबर.

साठावा दिवस. भागिले एकशे एक.

एकोणसाठ पूर्णांक चार टक्के.

दोघी आकड्याकडे बघत बसलो.

"साठ नाही," ऐलीबाई म्हणाल्या.

"नाही." बाकी थोडी घटली असती, पण गेली नसती. दोन हजार वगैरे राहिले असते, आणि डॅनिकाकडे दोन हजारही नव्हते.

"एक दिवस हवा होता."

"एकच."

मग त्यांनीच फोन उचलला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.


फोन

"डॅनिका, मी कांगस बोलतेय. कॉलेजमधून."

"बाई, पैसे अजून जमले नाहीत. भाऊ म्हणतो महिनाअखेर—"

"पैशांचं नाही विचारत. मार्चमध्ये त्या गुरुवारी तू माझ्याकडे आलीस. त्यानंतर तू कॉलेजात पाऊल ठेवलंस का?"

मागे दोन मुलं कशावरून तरी भांडत होती. डॅनिकानं त्यांना काहीतरी दिलं असावं, आवाज थांबला.

"शुक्रवारी आले होते. सकाळी. माझ्या वर्गातल्या टेसची रक्तदाबाची परीक्षा होती, तिला जोडीदार लागणार होता. मी आले नसते तर तिची राहिली असती."

"तू नुसता हात दिलास, की तुझीही परीक्षा झाली?"

"माझीही घेतली. डेलाँगबाई म्हणाल्या, आलीच आहेस तर देऊन टाक. मी म्हटलं, आता काय उपयोग. पण दिली."

"हे तू मला मार्चमध्ये का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं, बाई."

खरं होतं. पाच वजा केले की गुरुवार घ्या नाहीतर शुक्रवार, दोन्ही साठच्या खालीच येतात. शुक्रवारची चौकशी करायचं कोणाला कारणच पडलं नव्हतं.

"बाई, मी खरंच आले होते."

"माझा विश्वास आहे. पण माझा विश्वास फायलीला लावता येत नाही. थांब जरा."


पुरावा

सोडतेय म्हटल्यानंतरही मुलीनं वर्गातलं काही काम केलं असेल, तर माघारीची तारीख म्हणून तो दिवस धरता येतो, पण विद्यार्थिनीचं तोंडी सांगणं चालत नाही. शिक्षिकेला आठवतंय म्हणूनही चालत नाही. त्या दिवशी शिक्षणाचं काही काम झालं, याचा कॉलेजकडे त्या वेळचा कागद हवा.

परीक्षा घेणारी रुबी डेलाँग नर्सिंगची प्रयोगशाळा आवरत होती. ऐलीबाई दारातूनच म्हणाल्या, "रुबी, मार्चचे परीक्षेचे कागद ठेवलेस की जाळलेस?"

"कांगसबाई, तुमच्या भीतीनं या इमारतीत कोणी किराण्याची यादीसुद्धा फेकत नाही."

तिनं तळाचा खण ओढला. कागदांचे गठ्ठे तारखेनं नव्हते, रंगानं होते, आणि रंग कशाचे ते तिलाही आठवेना. आम्ही तिघी जमिनीवर बसलो. पाऊण तास गेला. ऐलीबाईंचे गुडघे चांगले नाहीत, पण खुर्ची घ्या म्हटलं तर म्हणाल्या, खुर्चीतून खणाचा तळ दिसत नाही.

हिरव्या गठ्ठ्यात टेसचा कागद सापडला. १४ मार्च. परीक्षार्थी टेस, रुग्ण म्हणून डॅनिका. रुग्ण होणं हे शिक्षण धरता येईल का, यावर मी आणि ऐलीबाई तिथेच वाद घालायला लागलो. मी म्हणत होते, ताणून धरता येईल. त्या म्हणाल्या, ताणायचं नाही.

"तुमचं भांडण झालं की हा बघा," रुबी म्हणाली.

परीक्षार्थी: डॅनिका पेल्टियर. १४ मार्च, दहा वाजून वीस मिनिटं. कफ बांधणे, बरोबर. नाडी शोधणे, बरोबर. वाचन, बरोबर. खाली रुबीची सही, आणि तिच्याच अक्षरात: उत्तीर्ण, हिला परत आणा.

ऐलीबाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरला. "हे शेवटचं वाक्य नियमात लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण खोडू नकोस."


टक्के

एकसष्ट भागिले एकशे एक.

साठ पूर्णांक चार.

ऐलीबाईंनी तीनदा भागाकार केला, दोनदा यंत्रावर, एकदा हातानं. सगळी मदत डॅनिकाची. कॉलेजनं केंद्राला जे परत केलं ते पुन्हा मागवायचं, त्याला सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत आहे. बाकी शून्य.


फोन, दुसरा

"डॅनिका, कांगस. तुझ्याकडून काही येणं नाही, बाकी शून्य. मार्चमध्ये माझा हिशेब चुकला होता."

पलीकडे मुलांचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"ऐकतेस का?"

"तुम्ही चुकलात?"

"हो. सुट्टी पाच दिवस धरली. ती नऊ होती. तुझी काही चूक नव्हती. पाच महिने तू माझ्या चुकीचे पैसे जमवत होतीस. मला माफ कर."

"बाई, असं नका बोलू. मग मी नाव घालायला येऊ?"

"उद्या ये. नऊला उघडतं. मुलांनाही आण, इथे निसू उरलाय."

"बाई, एक विचारू? त्या शुक्रवारी मी आले नसते तर?"

ऐलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. उत्तर त्यांचं होतं.

"तर चूक दुरुस्त करूनही तुला बरेचसे भरावे लागले असते. मला फार वाईट वाटलं असतं, आणि तरी मी भरायला लावले असते."

"माहीत आहे," डॅनिका म्हणाली, आणि हसली असावी, कारण ऐलीबाईंचाही चेहरा सैल झाला. "म्हणूनच तुम्ही शून्य म्हणालात तेव्हा मी परत विचारलं नाही, खरंच का म्हणून."


सही

ऐली कांगस.

त्याखाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, त्यांनी लिहिलं: याच चुकीच्या अजून अठरा फायली कपाटात आहेत. तपासनीस येईपर्यंत थांबणार नाही. उद्यापासून मीच त्या मुलांना फोन करते.

मग पेन माझ्याकडे केलं. "तूही सही कर. आणि कोट काढून ठेव, तीन दिवसांत हे आटपत नाही."