सदतीस अंशांची भिंत

माझी बायको चंद्रकला सहा वर्षांपूर्वी वारली, पण तिच्या अंगाची ऊब आमच्या स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीत राहिली. खिडकीच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून बसलेल्या बाईच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत. मी थर्मामीटर लावून पाहिला होता. सदतीस अंश. डिसेंबरात बाकीची भिंत बारावर उतरायची, तरी ती जागा सदतीस. मे महिन्यात अकोल्याचं ऊन खाऊन भिंत पन्नासवर जायची, तरी सदतीस. म्हणजे हिवाळ्यात तिथं ऊब मिळायची आणि उन्हाळ्यात गारवा.

सरकीच्या तेलगिरणीत एकतीस वर्षं मी बॉयलर सांभाळला. उष्णता कुठंही साठून राहते, एवढं मला माहीत होतं. माझी पहिली पाळी तीनला सुटायची. चंद्रकला दोनपासूनच त्या भिंतीला पाठ टेकून बसायची. पुढ्यात सूप, सुपात तुरीची डाळ, आणि नजर खिडकीतून गल्लीच्या वळणावर. मी वळणावर दिसलो की ती उठून चहा टाकायची. पुढं गिरणी बंद पडली, मी दिवसभर घरातच असायला लागलो, तरी दोन वाजता ती तिथं जाऊन बसायचीच.

"अगं, मी घरात आहे की," मी म्हणायचो.

"हो, माहीत आहे," ती म्हणायची, आणि वळणाकडे बघत राहायची.

ती गेल्यापासून दोन वाजता मी तिथं बसतो. पाठ नेमकी तिच्या पाठीच्या जागेवर येते. पण या सहा वर्षांत तिच्यातलं काही माझ्यात आलं नाही. मीही सदतीस, तीही सदतीस. सारख्या तापमानाच्या दोन वस्तू एकमेकींना काही देत नाहीत. बॉयलरवर नवीन आलेल्या माणसाला मी हेच पहिल्या दिवशी शिकवायचो.

एप्रिलमध्ये आमच्या वसाहतीत जुन्या घरांची योजना आली. सरकार आणि एका कंपनीनं मिळून ती काढली होती. नवीन घरं कोणीही नीट बांधतं, पण माणसं राहतात जुन्या घरांत, तेव्हा आधी ती सुधारायची, असं त्यांचं म्हणणं होतं. छतावर सौर पॅनेल, गच्चीला पांढरा लेप, भिंतींना बाहेरून-आतून उष्णता अडवणाऱ्या फळ्या. चौसष्ट घरं, समोरासमोर दोन रांगा. सगळी घरं एकाच तारेत जोडलेली असल्यामुळं जुनी वीज तोडायची आणि चौसष्टावं घर झाल्याशिवाय नवी सुरू करायची नाही, असं करारात होतं.

पाहणीला सरकारचे भोंडेसाहेब आणि कंपनीच्या इंजिनिअर मृणाल सोनोने आले. दोघांचे उजवे हात एकमेकांच्या हातात होते. सामंजस्य करारावर सह्या झाल्या त्या दिवशी फोटोसाठी त्यांनी हात मिळवले होते, ते नंतर सुटले नव्हते. आमच्या दारातून दोघं आडवे होऊन आत आले. पाणी दिलं तर दोघांनी डाव्या हातानं पेले घेतले.

"त्रास होत असेल," मी म्हणालो.

"सवय झाली," भोंडेसाहेब म्हणाले. "फक्त जिने अवघड जातात."

"माझी मुलगी दोन वर्षांची आहे," मृणाल म्हणाली. "करार झाल्यापासून तिला दोन्ही हातांनी उचललं नाही. चौसष्ट घरं झाली की हात सुटतील, असं वरून सांगितलंय."

तिच्या गळ्यात उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. तिनं तो डाव्या हातानं उचलून भिंतीवर फिरवला. पडद्यावर भिंत लालभडक दिसत होती. खिडकीपाशी आल्यावर तिचा हात थांबला. लाल रंगात एक निळसर बाई बसली होती, मान खिडकीकडे वळवून.

"इथं कोणी आहे का?" मृणालनं विचारलं.

"माझी बायको," मी म्हणालो.

भोंडेसाहेबांनी फॉर्म चाळला. "निवासी व्यक्तींमध्ये तुम्ही एकच नाव लिहिलंय."

"ती वारली आहे."

"मग ही जुनी उष्णता झाली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "भिंतीत जुनी उष्णता असताना वरून फळी लावता येत नाही. आधी काढावी लागते."

"काढून कुठं जाते?"

"बाहेर," मृणाल म्हणाली. "हवेत."

मी सही केली नाही.

बाकीच्या त्रेसष्ट घरांना फळ्या लागल्या. प्रत्येक भिंतीला एक थर सरकारचा आणि एक कंपनीचा. काम पूर्ण झालं, असं दोघांनी एका वेळी म्हटल्याशिवाय थर थांबत नसत, आणि माझं घर राहिल्यामुळं त्यांना तसं म्हणता येत नव्हतं. त्यामुळं फळ्या रोज बोटभर जाड होत गेल्या. पहिल्या आठवड्यात गल्लीतून रिक्षा येणं बंद झालं. दुसऱ्या आठवड्यात सायकल हँडल वाकडं करून न्यावी लागायची. मेच्या मध्यावर समोरच्या रांगेची पांढरी भिंत माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर आली. खिडकीतून वळण दिसेनासं झालं. तरी दोन वाजता मी जागेवर बसत होतो.

एके दिवशी सकाळी शेजारच्या लीलाबाई वानखडे फळ्यांना पाठ घासत दाराशी आल्या. त्यांचा पदर चुन्यानं माखला होता.

"भाऊ, तुमाले माहीत हाय, मागच्या साली माह्या सासूले ऊन लागलं. चार दिवस दवाखान्यात होती. आता घरात फळ्या बसल्या, पण पंखा नाई फिरत, वीज सुरू नाई. बाई तोंड उघडं टाकून पडली हाय."

"मला माहीत आहे, लीलाबाई."

"मी काई जबरदस्ती नाई करत. चंद्राबाईनं माह्या दोन्ही पोरी मांडीवर घेतल्या. पण तिले इचारलं असतं, तर ती काय म्हनली असती?"

चंद्रकला काय म्हणाली असती ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. लीलाबाईंनी ओट्यावरचं माझं कालचं भांडं विसळून ठेवलं आणि आडव्या होऊन परत गेल्या.

त्या दुपारी मी पाठ टेकून बराच वेळ विचार केला. ऊब हवेत सोडायची नसेल तर ती कोणीतरी घ्यायला हवी. घेणारा तिच्याहून थंड हवा. इतकी साधी गोष्ट मला सहा वर्षं सुचली नव्हती, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी मृणालला सांगितलं. तिनं भोंडेसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं नियमांचं पुस्तक उघडलं.

"उष्णता बाहेर काढावी, एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "कशात काढावी ते लिहिलेलं नाही."

आम्ही चौघं रेल्वे फाटकापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. लीलाबाई मागं लागून आल्या, सोबत एक चादर घेऊन. बाहेर बारा वाजताचं ऊन होतं. आत लाकडाच्या भुश्शात लाद्या रचलेल्या होत्या. मी सदरा काढून दोन लाद्यांच्या मध्ये बसलो. मृणाल कॅमेऱ्यातून आकडे वाचत होती. तीस. सव्वीस. बावीसला माझे दात वाजायचे थांबले. अठराला बोटांची जाणीव गेली, पण डोकं स्वच्छ होतं.

आकडा अकरावर आला तेव्हा मी मनात हिशेब मांडला. ती सदतीस, मी अकरा, तर दोघं चोवीसवर थांबणार. तिचे तेरा अंश मला मिळणार, बाकीची ती भिंतीतच राहणार. मी शून्यावर गेलो तर निम्मी ती माझ्यात येणार.

"आणखी बसतो," मी म्हणालो.

"अकरा झालंय, काका," मृणाल म्हणाली.

"शून्यापर्यंत जाऊ द्या."

लीलाबाईंनी मला दंडाला धरून ओढून काढलं. "बस झालं, भाऊ. तिच्यापर्यंत पोचाले तर पाहिजे."

त्यांनी मला चादरीत गुंडाळलं. गल्लीच्या तोंडापर्यंत रिक्षानं आणलं. तिथून पुढं फळ्यांमधली वाट एका माणसाच्या जाडीची उरली होती. मी आडवा होऊन सरकत गेलो. मागं भोंडेसाहेब, त्यांच्या हाताला मृणाल, आणि शेवटी लीलाबाई. तिथं माझा श्वास पांढरा दिसत होता.

घरात आल्यावर मी चादर टाकली आणि जागेवर बसून पाठ टेकली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पाठीच्या मणक्यांतून एकेक अंश वर चढू लागला. आधी शेवटचा हिवाळा आला, दवाखान्यातून आणल्यावर ती दोन शालींत बसायची तो. मग त्याआधीची वर्षं. कणिक मळून आल्यावरचे तिचे तापलेले दंड. आमचं एकुलतं बाळ राहिलं नाही त्या साली आलेला ताप. मी सगळं ओळखत होतो. त्यानंतर मात्र जे आलं ते मला नवीन होतं. त्या दोनच्या दुपारी होत्या, हजारोंनी. मी कधीही त्यांच्यात नव्हतो, मी नेहमी वळणाच्या पलीकडे होतो. एका दुपारी गिरणीत वाफेचा नळ फुटल्याची बातमी तिच्या कानावर आली होती आणि मी साडेसहाला पोचलो होतो. तेव्हा तिनं दार उघडून "चहा ठेवते" एवढंच म्हटलं होतं. त्या साडेचार तासांची आच माझ्या खांद्यात शिरली, तेव्हा मी ओरडलो असेन.

"थांबवू का, काका?" मृणालनं विचारलं.

"नको."

मान आपोआप खिडकीकडे वळली. बाहेर पांढरी फळी गजांना टेकायच्या बेतात होती. दिसण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बघत राहिलो, आणि कोणाची तरी येण्याची वेळ झाली आहे असं मला वाटत राहिलं. ती मी घरात असतानाही तिथं का बसायची, ते मला त्या वेळी समजलं. ते मला कोणाला तरी सांगायचं होतं. जिला सांगायचं, ती पाठीमागं होती.

"फॉर्म द्या," मी म्हणालो.

भोंडेसाहेबांनी फॉर्म गुडघ्यावर धरला. मी सही केली. माझं अक्षर डावीकडे कललं होतं, चंद्रकलेचं कलायचं तसं. भोंडेसाहेबांनी ते पाहिलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. लीलाबाई दारातूनच सासूला हाक मारून सांगत होत्या की आता थोडाच वेळ.

शेवटची फळी आतल्या बाजूला लावायची होती. दोघांनी ती डाव्या हातांनी उचलून माझ्यासमोर उभी केली. फळी आणि भिंत यांच्यामध्ये माझे गुडघे आले.

"काका, आता उठा," भोंडेसाहेब म्हणाले.

मी उठायचा प्रयत्न केला. पाठ कुठं संपते ते मला कळेना.

"एक मिनिट," मृणाल म्हणाली. तिनं फळी खांद्यावर तोलून कॅमेरा उचलला. "चोवीस. सगळीकडे चोवीस. साहेब, रंग एकच दिसतोय. काका कुठं आणि भिंत कुठं, मला वेगळं करता येत नाहीये."

"मी इथंच आहे," मी म्हणालो.

"आवाज येतोय. पण फळी बसवायची तर मला दिसायला पाहिजे." तिनं कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. "काका, हात वर करा. म्हणजे कळेल."

मी हात वर केला. पडद्यावर दोन हात वर झाले. दुसऱ्याच्या मनगटाशी बांगड्यांच्या बारीक काळ्या रेघा होत्या. माझा हात खांद्याशी येऊन थांबला, आणि तो दुसरा हात पुढं सरकून फळीच्या कडेवर बोटं ठेवत होता.