आवाज न करता बसवलेली मेमरी

तीन वाजता ऑफिसची मीटिंग होती, बाळंतपणानंतरची पहिलीच. गेले सहा महिने दिवसभर तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून ती या मीटिंगकडे डोळे लावून बसली होती. लॅपटॉप रडतखडत चालायचा, तेव्हा तिने मेमरीची नवी पट्टी आणून स्वतःच बसवली. आता तो सुरूच होईना. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर.

तिने दुकानदाराला फोन लावून कुजबुजत सगळं सांगितलं.

"ताई, पट्टी दाबताना खट् असा आवाज आला होता का?"

"येऊ दिला नाही. मांडीवर बाळ झोपलंय."

तो खो खो हसला. "अहो, मेमरी बसवलीत की अंगाई म्हटलीत? आधी बंद करा, चार्जर काढा आणि दोन्ही बाजूंचे चिमटे लागेपर्यंत जोर लावून दाबा. रडलं तर रडू द्या."

तिने दाबलं. खट्! बाळाने भोकाड पसरलं. तिने लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरी स्क्रीन काळीच.

"पहिल्यांदा वेळ घेतो तो. मी आहे फोनवर."

बाळाला थोपटत ती बोलत सुटली. दात येताहेत, खाली ठेवलं की रडतं, चहा रोज गार होतो. त्यानेही आपल्या लेकीच्या दातांचं सांगितलं. बोलता बोलता स्क्रीन उजळली.

"आलं का काही?" त्याने विचारलं.

मीटिंगला अजून तासभर होता.

"नाही अजून," ती म्हणाली.