नबाबाच्या जटा

"त्याले धरू नको, राहे. धरलं का गेला. नुसती बसत जाय त्याच्यापाशी. अन् त्याले टाकू नको."

सासू बयनाबाई जाताना एवढंच सांगून गेली होती. वावराचं नाही, दागिन्याचं नाही, कुत्र्याचं. राहीबाईनं म्हातारीच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. ते बोलणं आज तिला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं, कारण तिचा नवरा महिपत आणि शेजारचा चंपतराव अंगणात पोतं पसरून त्याच कुत्र्याच्या मागं धावत होते.

कुत्र्याचं नाव नबाब, आणि वागणंही तसंच. कोणाचा हात अंगाला लागलेला खपायचा नाही. केस लांब, भुरे. पावसाळाभर काळ्या मातीत लोळून, बांधाबांधानं हिंडून त्या केसांत गोखरू, कुसळं आणि आता वेचणीतला कापूस असं सगळं गोळा झालं होतं, आणि त्याच्या जटा वळल्या होत्या. पोटाखालच्या दोन तर चालताना एकमेकींवर आपटायच्या. डोळ्यांवर अशी झापड आली होती की माणूस कोणता आणि डुक्कर कोणतं हे त्याला कळेना. परवा जवारीत रानडुकरं शिरली, तेव्हा नबाब बांधावर बसून त्यांच्याकडं पाहत शेपूट हलवत होता. महिपत काठी घेऊन धावत आला, तर महिपतवर भुंकला.

तेलंगणातल्या भैंशाहून ढोरांचा डॉक्टरही येऊन गेला होता. तो तेलुगूत "रा, रा", म्हणजे "ये, ये", म्हणत मोठ्या मायेनं पुढं झाला. नबाबाला तेलुगू कळत नव्हती, पण हातातली सुई कळत होती. डॉक्टर गोठ्याच्या माळ्यावर चढला तो चहासुद्धा तिथंच प्यायला.

आज पोत्याची पाळी होती. महिपतनं नबाबाला गोठ्याकडून हाकललं, चंपतरावानं पोत्याचं तोंड फाकवून धरलं. नबाब सरळ पोत्यात शिरला, सरळ पोत्यातून निघाला आणि चंपतरावाच्या धोतराचा सोगा तोंडात धरून, धोतरासकट, कडब्याच्या गंजीमागं गेला.

चंपतराव पोत्यातून आरपार पाहत म्हणाला, "म्हैपत, पोतं कुठलं आणलंस बे?"

"कोपऱ्यातलं."

"ह्याले बूड कुठी हाये?"

"मी तोंड पाह्यलं. बूड काऊन पाहू?"

"आता माह्या बुडाले काय नेसू ते सांग."

राहीबाईनं पदर तोंडावर घेतला. महिपतला ते दिसलं, आणि तो आणखीच तापला.

"हासा. हासून घ्या. येत्या बाजाराच्या दिशी ह्याले रुईच्या गाडीत टाकतो अन् भैंशाच्या पल्याड सोडून येतो. डुकराले रामराम करते अन् मालकावर भुंकते, असं कुत्रं मले नाही पायजे."

राहीबाईच्या तोंडावरचं हसू गेलं. ती हळूच म्हणाली, "मी केलं त्याले साफ, तं?"

"तू?"

"हो."

"डॉक्टरले माळ्यावर चढवलं त्यानं. तू कराशीन?"

"केलं तं?"

महिपत तावात होता. "तू ह्याले साफ केलं, आन् कोणाले दात नाही लागला, तं मी कार्तिक संपेलोक रोज काकड्याले येईन. थंड्या पाण्यानं आंघोळ करून."

चंपतराव पोतं नेसता नेसता थांबला. त्याला असं हसू आलं की खोकला लागला. "म्हैपत, तू सूर्य उगवतांनी कधी पाह्यला तरी का? लगनाच्या दिशी तुले हयदीसकट खाटेवरून उचलून आणलं होतं, वयनीले विचार."

"मारोतीची आन. येईन म्हणजे येईन."

राहीबाईनं ते ऐकून ठेवलं. लग्न झाल्यापासून दर कार्तिकात ती पहाटे एकटीच देवळात जात आली होती. नवरा बरोबर असावा असं तिला वाटे, पण देवाकडंसुद्धा तिनं ते कधी मागितलं नव्हतं.

कार्तिकात तिचा एक नेम असे. दुपारची भाकर झाली की ओसरीवर बसून देवळासाठी वाती वळायच्या. कापूस घरच्या वावरातला. बोटांना चुलीतली राख लावायची, सरकी काढायची, कापूस पिंजायचा, वात वळायची, आणि ते करताना तोंडातून शब्द काढायचा नाही. घरात त्या वेळी दुसरं कोणी नसे. आणि नबाबाला दिवसभरात तेवढीच वेळ बरी वाटे. कोणी "ये ये" म्हणत नाही, कोणी हात मागं लपवून जवळ येत नाही. तो यायचा आणि तिच्या मांडीला टेकून पडायचा.

त्या दुपारीही आला. राहीबाईनं एक वात वळली. मग राखेची दोन बोटं कापसाऐवजी त्याच्या पाठीवरच्या जटेत घातली आणि सरकी काढावी तसं एक गोखरू काढलं.

नबाब शिलाई मशीनसारखा घरघरला.

तिनं हात परत कापसात नेला. दुसरी वात वळली. घरघर थांबली. मग दुसरं गोखरू.

असंच चाललं. एक बोट इकडं, एक बोट तिकडं. राखेनं केस सुटे होत, चिमूटभर जट पिंजली जाई. डाव्या बाजूला कापसाचा ढीग, उजव्या बाजूला नबाबाचा. मध्येच महिपत वावरातून यायचा.

"राहे, माही तंबाखू कुठी हाये?"

राहीबाई हनुवटीनं कोनाडा दाखवायची.

"चुना?"

ती भुवई वर करायची.

"वर कुठी? अवं बोल नं. कुत्र्याशी बसून तुहीबी बोली गेली का?"

नबाब तिच्या वतीनं घरघरायचा, आणि महिपत चुन्याशिवायच तंबाखू तोंडात टाकून निघून जायचा.

बाजाराच्या आदल्या दिवशी फक्त डोळ्यांवरची झापड राहिली होती. ती पिंजली जाईना. राहीबाईनं वाती कापायची लहान कात्री घेतली. मनात मारोतीचं नाव घेतलं, सासूचंही घेतलं. कात्री चालली. नबाबानं दात दाखवले, जांभई दिली आणि दात झाकले.

ते होईतो दिवस कलला, आणि महिपत दारात आला. नबाबानं मान वर केली. कित्येक महिन्यांनी त्याला मालक दिसला. त्यानं त्याला पागोट्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. भुंकला नाही. एवढाच होता का, असं तोंड करून परत मांडीला टेकला.

महिपत त्याच्याभोवती अंतर राखून फिरला. "शेपटाखाली हाये अजून," म्हणाला.

"शेपटाखाली शेपूटच हाये ते," वाती आवरून झाल्यावर राहीबाई म्हणाली.

"पाहू सकायी. उजेडात पाहू." आणि त्या रात्री तो लवकर झोपला.

पहाटे मारोतीच्या देवळात काकडा सुरू झाला. पुजारी अमृतरावबुवांनी राहीबाईच्या वाती समईत लावल्या, टाळ वाजू लागले. दुसऱ्या अभंगाला वास सुटला, केस जळाल्याचा. बायकांनी नाकाला पदर लावले. समईजवळ घोंगडी पांघरून चंपतराव डोळे मिटून गात होता.

"चंपतरावची घोंगडी पेटली," कोणीतरी म्हणालं, आणि मागच्यानं अभिषेकाची कळशी त्याच्यावर उलटी केली.

चंपतराव सूर न सोडता उभा राहिला, आणि मग त्याचं तोंड सुटलं. "कोण होय बे? ऐन कार्तिकात? घोंगडी सुकी होती माही."

वास तसाच होता. अमृतरावबुवांनी समईत वाकून पाहिलं, चिमट्यानं एक वात काढली. अर्धी पांढरी, अर्धी भुरी. भुरी बाजू तडतडत होती.

"हा कापूस कोणाच्या वावरातला?"

राहीबाईचे कान तापले. दोन ढिगांच्या मध्ये कधीतरी बोटं चुकली होती. ती उठून उभी राहिली. "माह्या हातची हाये ती, काका. त्यात नबाब हाये."

"कोण?"

"आमचं कुत्रं."

 अमृतरावबुवांनी वातीकडं पाहिलं, मारोतीकडं पाहिलं, पुन्हा वातीकडं पाहिलं. "म्हणजे त्याच्या जटा निंगाल्या?"

"निंगाल्या."

"कोणाले चावला?"

"नाही, काका."

बुवांनी वात बाजूला ठेवली, दुसरी लावली. "देवाले ताप नाही द्यायचा असा. पुढच्या टायमाले ढीग दूर दूर ठेवत जाय, माय."

पण ओल्या चंपतरावाच्या डोक्यात वेगळाच उजेड पडला होता. घोंगडी पिळता पिळता तो म्हणाला, "मंग म्हैपत कुठी हाये?"

आरती आटोपून सगळी मंडळी टाळ घेऊन महिपतच्या अंगणात आली. नबाब ओट्यावर बसला होता, नुकत्या वेचलेल्या पऱ्हाटीसारखा हलका. आत महिपत वाकळीत घोरत होता. चंपतराव ओल्या धोतरानिशी त्याच्या उशाशी बसला आणि गळा काढून भूपाळी म्हणू लागला. महिपतनं एक डोळा उघडला, उंबऱ्यावरून आत डोकावणारा नबाब पाहिला, त्याच्यामागं सगळं गाव पाहिलं आणि डोळा मिटून घेतला.

"शेपटाखाली..." वाकळीतून आवाज आला.

"तेबी पाह्यलं आमी," अमृतरावबुवा म्हणाले.

रुईची गाडी त्या दिवशी रुईच घेऊन भैंशाला गेली.

दुसऱ्या पहाटे राहीबाईला नेहमीसारखी जाग आली. विहिरीच्या रहाटाचा आवाज येत होता. ती उठणार होती, पण उठली नाही. पाहिलं तर तो लाजेल, आणि लाजला तर परत खाटेवर पडेल. तिनं वाकळ तोंडावर ओढून घेतली.

बाहेर पाणी पडलं.  मग दात वाजले, आणि त्या दातांमधून तुटक तुटक मारोतीचं नाव आलं. खुंटीवरचं धोतर ओढल्याचा आवाज झाला. कवाड हलक्या हातानं उघडलं गेलं.

"तू कुठी येतं बे?" महिपत कुजबुजला.

ओट्यावरून कोणीतरी उतरून अंग झटकलं. जटांचा आवाज आला नाही.

"बरं, चाल. पन दुरून चाल. लोक पाहतीन."

दोघांची पावलं देवळाच्या वाटेला लागली, आणि ती वळणापलीकडं गेल्यावर राहीबाई उठली.